दुसरी पुरवणी

"कंधारकर, तो पेपर झाका आधी," इंगोले बाई नुसते डोळे वर करून म्हणाल्या. "तुमच्या तोंडावर सगळं उमटलंय. अख्खा हॉल वाचेल."

मी उत्तरपत्रिका मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसलो. तळहात घामानं भिजला होता. तसा १९७६ च्या मे महिन्यात, मराठवाड्यात, दुपारी तीन वाजता कोणाचा तळहात कोरडा असणार? पण माझा घाम उकाड्याचा नव्हता.

त्या वर्षी विद्यापीठानं पेपर घरी पाठवले नव्हते. आम्हा परीक्षकांनाच बोलावून घेतलं होतं आणि परीक्षा विभागाच्या एका लांबलचक हॉलमध्ये टेबलं मांडून बसवलं होतं. एका टेबलावर दोघं. मी तालुक्याच्या कॉलेजातला अठ्ठावीस वर्षांचा अधिव्याख्याता, अजून कायम न झालेला, त्यामुळे दिसेल त्याला नमस्कार करणारा. समोर इंगोले बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, कायम झालेल्या, त्यामुळे कोणालाच न जुमानणाऱ्या. विषय राज्यशास्त्र, तिसऱ्या वर्षाचा 'तुलनात्मक शासनपद्धती' हा पेपर. त्यातला पाचवा प्रश्न असा होता: भारत, ब्रिटन, अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्या राज्यघटनांतील नागरिकांच्या राजकीय हक्कांची तुलना करा.

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या पोरांना एकाच ठिकाणाहून येत होतं, आणि ते ठिकाण म्हणजे मी.

झालं होतं असं, की तीन वर्षांपूर्वी या पेपराचं एक गाईड निघालं होतं. कव्हरवर नाव डॉ. मानवतकर सरांचं, आतला शब्दन् शब्द माझा. तेव्हा ती रीतच होती. नाव थोरल्यांचं, हात धाकट्यांचा. त्या बदल्यात माझी कायम होण्याची वेळ आली की सर समितीत दोन शब्द टाकणार होते. सरांनी ते गाईड उघडून पाहिल्याचं काही मला आठवत नाही. पोरांनी मात्र ते इतकं उघडलं की शिलाई सुटली. आणि या तपासणीचे मॉडरेटर, म्हणजे आमच्यावर नजर ठेवणारे, तेही मानवतकर सरच.

गाईडच्या एकशेबाराव्या पानावर माझं एक वाक्य होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. 'रशियात हक्क कागदावर आहेत. भारतात मात्र एखाद्या नागरिकास अटक झाली तर तो कारण विचारू शकतो, आणि शासनास न्यायालयात त्याचे उत्तर द्यावेच लागते.' त्या दिवशी सकाळपासून एकवीस पोरांनी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. एकवीस वेळा मी त्यापुढे लाल शाईनं बरोबरची खूण केली होती. आणीबाणीला वर्ष होत आलं होतं. तीनच आठवड्यांपूर्वी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं होतं की आणीबाणी आहे तोवर अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. ती बातमी मी वाचली होती, वाचून चहा प्यायलो होतो. पण बातमी वाचणारा मी वेगळा आणि पेपर तपासणारा मी वेगळा. लाल पेन आपोआप चालत होतं.

बाविसावा पेपर उघडला. बैठक क्रमांक ४४१७. पहिले चार प्रश्न नीटनेटके. चौदा, बारा, तेरा, तेरा. पाचवा प्रश्न दुसऱ्या पुरवणीत लिहिलेला होता. सुरुवातीलाच माझं वाक्य, एक अक्षर न चुकता. त्याखाली पट्टीनं आखलेली रेघ, आणि रेघेखाली हे:

'वरील वाक्य मी गाईडमधून पाठ केले आहे. ते चूक आहे. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. प्रार्थनेनंतर ते मुलांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांना मिसाखाली नेले. मी थोरली मुलगी. माझी आई तीन वेळा जिल्ह्याला जाऊन कारण विचारून आली. कारण सांगायचे नाही असाच कायदा आहे, असे तिला सांगण्यात आले. म्हणून तुलना पुढीलप्रमाणे. ब्रिटनमध्ये हक्क एका जागी लिहिलेले नाहीत, पण माणूस ते मागू शकतो. अमेरिकेत लिहिलेले आहेत, पण काळ्या लोकांना ते मागून मिळायला शंभर वर्षे लागली. रशियात लिहिलेले आहेत, पण कोणी मागत नाही. आपल्याकडे लिहिलेले आहेत, माझ्या आईने मागितले आणि मिळाले नाहीत. तरी आपण रशियाच्या पुढे आहोत, कारण आपल्याकडे अजून मागणारे लोक आहेत. ज्यांनी ते वाक्य लिहिले त्यांना परीक्षकांनी कृपया हे कळवावे.'

इथेच इंगोले बाईंनी मला पेपर झाकायला सांगितलं.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी पेपर त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो आपल्या गठ्ठ्याच्या आडोशाला धरून वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"पोरगी हुशार आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, परिपत्रक आठवतंय ना?"

आठवत होतंच. पहिल्या दिवशी ते आम्हाला वाचून दाखवलं होतं. उत्तरपत्रिकेत आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास तपासणी थांबवून ती मॉडरेटरमार्फत कुलसचिवांच्या कार्यालयात द्यावी. दर वर्षी असतंच ते. एरवी आक्षेपार्ह म्हणजे 'सर, माझे लग्न मोडेल, पास करा' असलं काहीतरी. त्या वर्षी शब्द तोच राहिला आणि कुलसचिवांच्या दाराशी सोमवारपासून साध्या कपड्यातला एक माणूस खुर्ची टाकून बसला. अंगात बुशशर्ट होता, पण पायात पोलिसांचे तपकिरी बूट.

"गेला हा पेपर आत तर संध्याकाळपर्यंत हिच्या घरी जीप जाईल," बाई म्हणाल्या. "बाप आत आहेच. आता ही."

"आणि नाही दिला तर?"

"तर तुम्ही कायम होणार नाही. फार तर तुम्हीही आत. घाबरलात?"

"हो."

"बरं झालं. घाबरलेला माणूस हिशेब नीट करतो. किती झालेत?"

"बावन्न. या उत्तराला मी अठरा देईन."

"म्हणजे सत्तर. अहो, साठाच्या वरचा प्रत्येक पेपर सर स्वतः उघडतात. सात द्या. एकोणसाठ. एकोणसाठला कोणी हात लावत नाही."

"अठराच्या उत्तराला सात?"

"मग द्या अठरा, आणि न्या तिला तुरुंगात वाजतगाजत," बाई म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या पेपरात डोकं घातलं.

नापास करून गठ्ठ्याच्या तळाशी दडवायचा विचारही माझ्या मनात येऊन गेला होता. तो बोलून दाखवायच्या आधीच बाई पेपरातून म्हणाल्या, "आणि नापास करायचं डोक्यात असेल तर काढून टाका. बाप घरात नाही, पोरगी नापास. पुढच्या परीक्षेला कोण बसवतंय तिला? दिवाळीच्या आत उजवून मोकळे होतील."

मी सात लिहायला पेनचं टोपण काढलं. सर रोज चारला फेरी मारायचे. घड्याळात तीन वीस झाले होते. चाळीस मिनिटं हातात होती, आणि मी त्यातली दहा त्या सातच्या आकड्याकडे बघत घालवली. सात काही लिहवेना.

"काय कंधारकर, पेपर तपासताय की पारायण करताय?"

मानवतकर सर त्या दिवशी लवकर आले होते. पाठीमागून वाकले आणि पुरवणी माझ्या हाताखालून ओढून घेतली. उभ्या उभ्या वाचायला लागले. सर पन्नाशी उलटलेले, पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात उपरणं, आवाज कीर्तनकारासारखा. वाचता वाचता त्यांचे ओठ हलायचे. निम्म्यावर ओठ थांबले.

"उठा," ते म्हणाले. आवाजातलं कीर्तन गेलं होतं. "उत्तरपत्रिका घ्या आणि चला माझ्याबरोबर."

"कुठं, सर?"

"कुठं म्हणजे? परिपत्रक वाचता येतं ना तुम्हाला?"

"सर, लेकरू आहे हो ते," इंगोले बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही तुमचा गठ्ठा बघा."

मी उठलो. हॉलमधून बाहेर पडलो. समोर लांब व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला कुलसचिवांचं दार, दाराशी खुर्ची, खुर्चीत तो माणूस. तो वर्तमानपत्रानं वारा घेत होता. सर पुढे, मी मागे. पाच-पन्नास पावलांचा तो व्हरांडा. मला त्या मुलीचं नाव माहीत नव्हतं. तोंडही पाहिलेलं नव्हतं. मला फक्त तिनं पट्टीनं आखलेली रेघ दिसत होती. परीक्षेत वेळ कमी असतो, पोरं रेघा हातानं मारतात. हिनं पट्टी काढली होती.

व्हरांड्याच्या मध्यावर जुन्या उत्तरपत्रिकांची खोली होती.

"सर, दोन मिनिटं आत या."

"आत कशाला?"

"गाईडबद्दल बोलायचंय."

"आत्ता? वेड लागलं का तुम्हाला?"

"आत्ताच, सर. नंतर बोलून उपयोग नाही."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण ते आत आले. आत गोणपाटात शिवलेले गठ्ठे छतापर्यंत लागलेले, एकच उंच खिडकी. मी दार लावणार तेवढ्यात ते बाहेरून ढकललं गेलं आणि इंगोले बाई आत आल्या. दार लावून त्यालाच पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" सर म्हणाले.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

मी बोलायला लागलो. "सर, रेघेच्या वरचं वाक्य गाईडमधलं आहे."

"दिसतंय की. तिनंच लिहिलंय."

"गाईडवर तुमचं नाव आहे."

"मग?"

"हा पेपर आत गेला की ते पहिलं विचारतील, हे वाक्य कुठलं? तुम्ही काय सांगाल? वाक्य चूक आहे म्हणालात, तर पोरगी बरोबर ठरते. वाक्य बरोबर आहे म्हणालात, तर तुमच्या नावानं हजारभर पोरं आज पाठ करताहेत, की सरकारनं कोणाला पकडलं तर सरकारला जाब विचारता येतो."

सर एका गठ्ठ्यावर बसले.

"असं छापलंय त्यात?"

"पान एकशेबारा."

"पण मी तर ते..." ते थांबले.

"वाचलं नाही म्हणता?" इंगोले बाई म्हणाल्या. "कव्हर तरी वाचलं असेल ना, सर."

मला त्या क्षणीही हसू आलं असतं, पण सरांच्या कपाळावरचा घाम पाहून ते आलं नाही. उपरण्यानं ते घाम टिपत होते आणि टिपलेला घाम पुन्हा येत होता.

"तुम्हाला वाटतं मला हौस आहे?" ते हळू आवाजात म्हणाले. "गेल्या महिन्यात एका प्राध्यापकाला उचललं. माझ्याच वर्गात शिकलेला पोरगा. त्याच्या बायकोला आता कोणी घर भाड्यानं देत नाही. मी गेलो होतो भेटायला? नाही गेलो. रस्ता बदलून जातो मी. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे, कंधारकर. दोन मुली घरात आहेत."

बाहेर व्हरांड्यात बूट वाजले. आमच्या दारापर्यंत आले, जरा थांबले आणि पुढे गेले. पाण्याच्या माठाचं झाकण वाजलं. बूट परत फिरले. ते लांब जाईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

"ठेवता येत नाही आणि देताही येत नाही," सर पुटपुटले. "काय करायचं आता?"

"सर, पाचवं उत्तर सगळंच्या सगळं दुसऱ्या पुरवणीत आहे. पुरवणी दोऱ्यानं बांधलेली असते."

हे मी बोललो. पुढे कित्येक वर्षं मी तो प्रसंग मनात फिरवून पाहिला आणि दर वेळी हे वाक्य सरांच्या तोंडी घालायचा प्रयत्न केला. ते तिथं बसत नाही. ते माझंच आहे.

सरांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला, बोटं चालेनात, तेव्हा माझ्याकडे दिलं. मी सोडली. मुलीनं दोऱ्याला दुहेरी गाठ मारली होती. पुरवणी मोकळी झाली. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर 'पुरवण्यांची संख्या' या चौकटीत दोनचा आकडा होता. सरांनी हिरव्या शाईनं तो खोडून एक केला आणि शेजारी 'मोजणीत चूक' लिहून सही केली. गुणांच्या तक्त्यात पाचव्या प्रश्नासमोर त्यांनी एक आडवी रेघ ओढली. आडवी रेघ म्हणजे प्रश्न सोडवलेलाच नाही.

"परीक्षकाची सही लागेल," ते म्हणाले.

"आणि तिनं लिहिलंय त्याचं काय?" बाईंनी विचारलं.

"काय लिहिलंय तिनं? चार प्रश्न लिहिलेत. बावन्न मिळालेत. पास आहे पोरगी, सुरक्षित आहे, आपण सुरक्षित आहोत. अजून काय पाहिजे, बाई?"

"तिनं एक निरोप दिलाय," बाई म्हणाल्या. सरांना नाही, मला. गाईड कोणी लिहिलं ते त्यांना माहीत होतं.

मी खाली मान घालून सही केली.

"हे घरी नेऊन जाळून टाका," सरांनी पुरवणी माझ्या हातात दिली. दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "आणि जूनमध्ये तुमची समिती आहे. लक्षात आहे माझ्या."

पुरवणीची घडी करून मी ती सदऱ्याखाली, पोटाशी, पायजम्याच्या नाडीत खोचली. सुटीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता कुलसचिवांच्या दारावरूनच होता. दहा पावलांवर असताना तो माणूस खुर्चीतून उठला.

"सर, जरा थांबता का?"

मी थांबलो. कागद पोटाला चिकटला होता, आणि श्वास घेतला की वाजेल असं वाटत होतं.

"तुम्ही राज्यशास्त्राचेच ना?"

"हो."

"आमच्या पुतण्याचा नंबर हाय तुमच्यात," तो आवाज खाली आणून म्हणाला. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "किती पडले, बघता का? पोरगं लई घाबरलंय. दिवसरात्र गाईड पाठ केलं हो त्यानं, पान न् पान."

"पास होईल," मी म्हणालो. "गाईड पाठ केलं असेल तर नक्की पास होईल."

"देव तुमचं भलं करो," तो म्हणाला, आणि त्यानं मला चक्क हात जोडले.

मी मावशीकडे उतरलो होतो. संध्याकाळी तिच्या परसात बसून काडी पेटवली. पुरवणीचा कोपरा ज्योतीशी नेला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'ज्यांनी ते वाक्य लिहिले त्यांना कळवावे.' काडीनं बोट भाजलं. दुसरी काडी मी पेटवली नाही.

निकाल लागला तेव्हा तो वर्तमानपत्रात नंबरांनी छापून आला. ४४१७ पास होती. जुलैमध्ये मी कायम झालो. इंगोले बाईंचं एक कार्ड आलं: 'कायम झालात. अभिनंदन. निरोप पोचला का?' मी उत्तर दिलं नाही.

मग आणीबाणी उठली, माणसं तुरुंगातून बाहेर आली, त्यांच्या मिरवणुका निघाल्या. मी व्याख्यानं दिली. चांगली दिली, असं लोक म्हणायचे. गाईडच्या आवृत्त्या निघत राहिल्या, सर वारल्यावर माझ्या नावानं निघू लागल्या. एकशेबाराव्या पानाला मी हात लावला नाही. वाक्य पुन्हा खरं झालं होतं ना.

एकवीस वर्षांनी, सत्त्याण्णव साली, इंगोले बाईंचं पत्र आलं. अक्षर वेडंवाकडं झालं होतं. 'आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत सव्वीस जानेवारीला मला पाहुणी म्हणून नेलं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका मुलींना सांगत होत्या, वडील मिसाखाली आत असताना बी.ए.च्या पेपरात मी खरं लिहिलं आणि मला शून्य मिळालं. नाव कुमुद टाकळकर. मी तिला काही बोललेले नाही. ते तुमचं काम आहे. या वेळी तरी करा.'

मी रविवारी गेलो. शाळेमागेच दोन खोल्यांचं घर. कुमुदताई चाळिशी ओलांडलेल्या, केस पुढून पांढरे, समोर वह्यांचा ढीग. मी नाव सांगितलं, त्या वर्षी त्यांचा पेपर माझ्याकडे होता म्हणून सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि मला पाणी आणून दिलं. रागावल्या नाहीत. उलट जरा खूष झाल्यासारख्या दिसल्या.

"म्हणजे मला शून्य देणारे तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच बेरीज करून पाहिली होती, सर. चार प्रश्न चांगले गेलेले. बावन्न म्हणजे पाचव्याला शून्य. मला वकील व्हायचं होतं. म्हटलं, ज्या विषयात आपल्याला शून्य मिळतं तो आपल्याला कळत नसणार. डी.एड. केलं."

"वडील?"

"जानेवारी सत्त्याहत्तरला सुटून आले. दहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी सगळं उत्तर म्हणून दाखवलं होतं. मी रडत होते आणि ते खूष. म्हणायचे, अगं, शून्य द्यायलासुद्धा पेपर वाचावा लागतो. या सरकारच्या राज्यातही कोणीतरी तुझं वाचलं तरी. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे."

मला वाटलं, पाणी प्यावं आणि उठावं. तिच्या वडिलांचं समाधान शेवटपर्यंत टिकलं होतं, ते मी कशाला मोडू? पण इंगोले बाईंचं पत्र खिशात होतं. त्याच्याबरोबर दुसरंही काही होतं.

"ताई, शून्य नव्हतं," मी म्हणालो. "शून्य दिलंच नाही. उत्तर लिहिलेलंच नाही, असं दाखवलं." आणि पुरवणी त्यांच्यासमोर ठेवली. एक कोपरा तपकिरी झालेली, तिघांच्या हातून गेलेली, एकही लाल खूण नसलेली.

मी सगळं सांगितलं. व्हरांडा, खोली, दुहेरी गाठ. गाठ कोणी सोडली तेही. कुमुदताई पुरवणीला हात न लावता ऐकत होत्या.

"म्हणजे कोणी वाचलंच नाही असं ठरवलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला पकडलं असतं."

"असतं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुम्ही मला वाचवलंत, ते मान्य. पण सत्त्याहत्तर साली सगळं उठलं. तेव्हा का नाही आलात?"

"लाज वाटली."

"आणि ते वाक्य ज्यांनी लिहिलं होतं? त्यांना तरी कळवलंत?"

"त्याला त्याच दुपारी कळलं होतं," मी म्हणालो. "ते मीच लिहिलं होतं. गाईडवर नाव सरांचं, पण लिहिलं मी."

त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मी माझ्या चपला कुठे काढल्या ते बघून ठेवलं. मग त्या बाहेर आल्या. डोळे धुतलेले होते, हातात लाल पेन होतं. पुरवणी त्यांनी माझ्या पुढ्यात नीट लावली, कोपरा हातानं सपाट केला.

"तपासा," त्या म्हणाल्या.

"ताई, आता याला..."

"शून्य द्या, चालेल मला. पण तपासलेलं पाहिजे. वडील जे सांगत गेले ते खरं झालं पाहिजे."

मी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. माझ्या वाक्याशी आलो तेव्हा पेन थांबलं. एकवीस पोरांच्या पेपरात मी त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली होती. इथे मी फुली मारली. मग रेघेखालच्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करत गेलो. 'अजून मागणारे लोक आहेत' या ओळीपुढे खूण करताना अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून जरा थांबलो. त्यांनीही घाई केली नाही. शेवटी विसापैकी अठरा लिहिले, गोल केला आणि खाली सही केली.

कुमुदताईंनी पुरवणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मुख्याध्यापिका जशी शिक्षकाचं काम तपासते, तशी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"सहीखाली तारीख घाला, सर," त्या म्हणाल्या. "आजची घाला. उशीर झाला ते दिसू दे."

मी आजचीच तारीख घातली.